उजनीचे पाणी आणि आपली छपरे

सोलापुरात विजेची चर्चा बहुधा युनिटच्या दरापाशीच थांबते. माझ्या मते ती पाण्यापासून सुरू व्हायला हवी. दक्षिण सोलापूर तालुक्यातील एनटीपीसी या सरकारी वीजकंपनीच्या १३२० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पाला उजनी धरणातून पाणी येते, आणि ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, ते शहरही त्याच धरणावर तहान भागवते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये शीतमनोरे (गरम पाणी थंड करणारे मनोरे) असलेल्या तेव्हाच्या औष्णिक प्रकल्पांना एका युनिट विजेमागे कमाल साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली होती. छतावरचा तीन किलोवॅटचा सौरसंच दिवसाला सरासरी बारा युनिट वीज देतो. त्या मर्यादेने हिशेब केला, तर तेवढ्या विजेमागे औष्णिक प्रकल्पात चाळीस लिटरच्या आसपास पाणी लागते. पॅनेलवरची धूळ धुवायला लागणारे पाणी त्यापुढे अगदीच थोडे आहे.

घरगुती पवनचक्कीबद्दल मी आग्रह धरणार नाही. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातील ऊर्जा आठव्या हिश्श्यावर येते, आणि दाटीच्या वस्तीत इमारतींवर आपटून वारा मंदावतो, भोवऱ्यासारखा फिरतो. पवनचक्क्या साताऱ्याच्या वनकुसवडे पठारासारख्या मोकळ्या, उंच जागीच शोभतात.

मोठे प्रकल्प उद्या बंद करावेत, असे मी म्हणत नाही. सूर्य मावळतो नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे आणि कूलर सुरू होतात. शिवाय बॅटरी नसलेला, ग्रिडला म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला जोडलेला सौरसंच वीज गेली की सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद पडतो, हे विक्रेत्यांनी आधीच स्पष्ट सांगायला हवे. दक्षिण भारताचे ग्रिड देशाच्या ग्रिडशी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडले गेले, ते रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) वीजवाहिनीने. इतक्या मोठ्या जाळ्याचा आधार आपल्याला रात्री लागणारच आहे.

परंतु दिवसाच्या विजेचे काय? चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग दिवसपाळीत ज्या वेळी चालतात, त्याच वेळी त्यांच्या शेडवर सर्वाधिक ऊन असते, आणि तिथे तयार झालेली वीज लांबच्या तारांतून न फिरता जागीच खपते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे, मात्र ते घरांसाठी आहे. माग चालवणाऱ्या लहान कारखानदाराला, त्यातही भाड्याच्या शेडमध्ये असलेल्याला, तेवढाच हात देणारी सोय झाली पाहिजे, आणि ती मागणी सोलापूरनेच लावून धरली पाहिजे.