फ्रिजचा खर्ज

दुपारी चारची वेळ आमच्या घरात बरी असते. हे तोंडावर पेपर घेऊन आडवे झालेले, मिक्सर थंड, खालच्या मजल्यावर फरशा फोडणारेही चहाला गेलेले. तेवढ्यात मी तानपुरा लावून घेते. तानपुरा म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबा. मिरजेहून आणलेला खरा तानपुरा गवसणीत, कपाटावर, ‘तारा बदलायच्या आहेत’ या सबबीखाली निवृत्त झाला आहे. तर परवा काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर, लावली, डोळे मिटले, आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, आला की त्याच्या शेपटाला काहीतरी लोंबायला लागलं. वांव्, वांव्, वांव्. डबा बंद केला तरी स्वयंपाकघरातून एक जाडसर ‘घूं’ चालूच. फ्रिज!

त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, आणि तिच्यावर चालणारी जुनी मोटर गुणगुणते ती त्याच्या दुपटीत, 100 वर. काळी चारचा खर्ज 104 च्या जवळ. मधला चारचा फरक हेलकावे होऊन कानावर येतो, सेकंदाला चार. आणि हा मामला आमच्या घरापुरता नाही. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वीजवाहिनीने दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाला जोडलं, तेव्हापासून सगळ्या देशाची वीज एका लयीत धावते. म्हणजे श्रीनगरचा ट्रान्सफॉर्मर आणि नागरकोइलचा फ्रिज एकच सूर धरून बसलेत. एवढा देश एका सुरात आणायचा कसा, यावर पुढारी भाषणं करतात. सोलापूरकरांनी ते परस्पर उरकून टाकलं. सूर तरी कुठला, तर पांढरी पाचपेक्षा जरासा चढा, पेटीच्या कुठल्याच पट्टीत न बसणारा.

यांना हे सगळं समजावून सांगितलं. पेपराखालून उत्तर आलं, “मग तू पांढरी पाचात गा. फ्रिज बंद करू नकोस, दूध आहे आत.”

गंमत अशी, की मिक्सर याच्या कितीतरी पट किंचाळतो, पण त्याने माझा सूर कधी हलत नाही. भंगारवाल्याची आरोळी, रिक्षाचा हॉर्न, वरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या, सगळं चालतं. वैताग येतो, पण गाण्यात कोणी शिरत नाही. शिरतो तो जवळचा सूर. हे अगदी भाऊबंदकीसारखं आहे. शेजारच्या तालुक्यातल्या माणसाशी कोणी बांधावरून भांडत नाही. नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनींनीही विवादी, म्हणजे एकमेकांशी न पटणारे, ठरवले ते दोन श्रुतींच्या अंतरावरचे स्वर. श्रुती म्हणजे सप्तकाच्या बावीस बारीक पायऱ्यांतली एक. नऊ किंवा तेरा श्रुती लांब असलेल्यांचं आपसात गूळपीठ. पुढे 1863 मध्ये हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने याच भांडणाचा हिशेब मांडला. सेकंदाला चार हेलकावे म्हणजे नुसतं डुलणं, पण ते तिसाच्या पुढेमागे गेले की कानाला खरखर वाटायला लागते. फार वाढले की पुन्हा भांडण नाही. मग ते दोन वेगळे स्वर. फार जवळही नको आणि पुरते लांबही नकोत, असं ते मधलं अंतर वाईट.

पेटीचा छळ झाला तोही याच पायी. 1940 मध्ये रेडिओने तिला स्टुडिओबाहेर काढलं, आणि तो नियम सैल व्हायला 1971 उजाडलं. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सूर एकदा ठोकून बसवले की हलत नाहीत, सगळे आरोप खरेच होते. तिचा शुद्ध गंधार, म्हणजे ग, तर चांगला 14 सेंट चढा. सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप एक गंधार उमटतो, स्वयंभू म्हणतात त्याला. पेटीचा गंधार त्याच्याशी हुज्जत घालतो. सांगलीच्या कृ. बा. देवलांनी बावीस श्रुतींचा काटेकोर हिशेब काढला, क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाला सोबत घेऊन खास श्रुतींची पेटीसुद्धा घडवून घेतली. सगळं शास्त्रशुद्ध. पण गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर जीव टाकणाऱ्या मुलखात त्या 14 सेंटांचा हिशेब विचारतो कोण? आम्ही तो चढा गंधार ऐकतच मोठे झालो. आता तानपुऱ्यातला खरा गंधार ऐकला की मला तो क्षणभर उतरल्यासारखा वाटतो, इतकी वाईट सवय.

बाली बेटावरचे लोक याहून पुढचे. त्यांच्या गामेलान नावाच्या वाद्यवृंदात वाद्यांच्या जोड्या असतात, आणि जोडीतलं एक वाद्य मुद्दाम थोडं उतरं ठेवतात. दोन्ही एकदम वाजली की सूर थरथरतो. त्या थरथरीला ते लाट म्हणतात, आणि ती नसली तर वाद्य त्यांना मेलेलं वाटतं. आपण तेवढ्यासाठी वाजवणाऱ्याला बैठकीतून उठवू.

अर्थात हे सगळं बैठकीपुरतं. आरतीला कुठे काय लागतं! आमच्या वाड्यात गणपतीत तीसचाळीस माणसं उभी राहायची. सुरुवात आत्या करायची, ती नेमकी अशा उंचीवर, की दुसऱ्या कडव्याला पुरुषमंडळी एकेक करून खालच्या सप्तकात उडी मारायची. माझे वडील मधेच कुठेतरी, त्यांना सप्तकच नव्हतं. विठोबाच्या आरतीत जिथे श्वास संपेपर्यंत सूर ताणायचा असतो तिथे तर प्रत्येकाची स्वतंत्र शर्यत. पेटीवर धाकटे काका. ते बिचारे आत्याला गाठायला एक पट्टी वर जायचे, तोवर ती घसरून खाली आलेली. शेवटी ते नुसता भाता हलवायचे, बोटं पट्ट्यांवर अधांतरी. भाता हलतोय म्हणजे पेटी चालू आहे, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान. तरी ते बेसूर वाटायचं नाही. एवढे आवाज एकदम आले की कोणाचं कोणाशी वाजलंय ते ओळखूच येत नाही.

ओळखू यायला लागलं ते वाटणीनंतर. वडील आणि धाकटे काका बोलेनासे झाले, चौकात मधोमध भिंत आली. त्या भाद्रपदात एका वाड्यात दोन गणपती बसले. मूर्ती एकाच कुंभाराकडच्या, आरतीची वेळही एकच. आधी सुरू करणं कोणालाच कमीपणाचं वाटायचं, आणि नंतर करणं तर नाहीच. पेटी तिकडे गेली होती, टाळ आणि आत्या आमच्या वाट्याला. तीच आरती, तेच कडवं, भिंतीच्या दोन बाजूंनी, अर्ध्या सुराच्या फरकाने. आत्या मुद्दाम तार लावायची. पलीकडे काका आता खरोखर पट्ट्या दाबून वाजवायचे, स्वच्छ, एकही चूक न करता, म्हणजे पेटी वाजवता येत होती त्यांना. मी टाळ वाजवत असायचे. हात आपोआप पलीकडच्या ठेक्यात जायचा, आणि वडील नुसते माझ्याकडे बघायचे.

प्रसाद मी दोन्हीकडचा खायचे. काकूच्या खिरापतीत खोबरं जास्त असायचं.