टायनी कर्नल, तिसरा आठवडा: रूट माउंट झालं

व्हर्च्युअल मशीनच्या गेस्टसाठी, म्हणजे होस्ट संगणकाच्या आत चालणाऱ्या सिस्टीमसाठी, जमेल तितका लहान लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) स्वतः बांधायचा, हे माझं सध्याचं वेड. सुरुवात मुद्दाम ‘मेक टायनीकॉन्फिग’पासून, म्हणजे जवळजवळ सगळं बंद असलेल्या सेटिंग्जपासून केली. डीफकॉन्फिग या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये ईएक्सटी४ ही डिस्कची फाइलसिस्टीम आयती मिळते, मग कशासाठी काय लागतं ते कधी कळतच नाही. टायनीकॉन्फिगमध्ये कर्नलचे संदेश छापणारं प्रिंटकेसुद्धा बंद असतं, त्यामुळे पहिला आठवडा काळ्या स्क्रीनसमोर गेला. प्रिंटके, टीटीवाय (टर्मिनलची सोय) आणि ८२५० सिरीयल कन्सोल (संदेश बाहेर दाखवणारा पोर्ट) चालू केले तेव्हा कुठे कर्नल बोलायला लागला.

या आठवड्यात तो थेट पॅनिकपर्यंत पोहोचायचा, म्हणजे रूट फाइलसिस्टीम जोडता येत नाही म्हणून हात टेकून थांबायचा: ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. ईएक्सटी४ राहिलं असणार असं धरून मी ते चालू केलं, पुन्हा बांधलं, तरी ओळ तीच. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. उत्तर कंसातल्या आकड्यांत होतं. दोन्ही शून्य म्हणजे कर्नलला डिस्कच दिसलेली नाही. फाइलसिस्टीमची पाळी त्यानंतरची.

व्हर्टिओ ब्लॉक, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचा ड्रायव्हर, तर आत होता. मग डिस्क का नाही? मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूत) व्हर्टिओ ब्लॉक दिसायला आधी व्हर्टिओची एखादी बस (उपकरण जोडायचा मार्ग) निवडावी लागते, आणि मी घाईत पीसीआयऐवजी एमएमआयओ निवडलं होतं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूएमूच्या क्यू३५ प्रकारच्या मशीनवर डिस्क पीसीआयवर बसते. ड्रायव्हर हजर, पण तो भलत्याच दाराशी उभा. पीसीआय आणि व्हर्टिओ पीसीआय चालू केलं, आणि पडताळून बघायला ईएक्सटी४ मुद्दाम काढलं. आता कंसात २५४,० आलं: डिस्क सापडली, ती वाचता येत नाही. ईएक्सटी४ परत घातलं आणि बिझीबॉक्सचा (लहानशा कमांड-संचाचा) प्रॉम्प्ट आला. हा उलटा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावाच. त्या दोन आकड्यांमधला फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पॅनिकची भीती जाते.

पुढे चालू प्रोसेस दाखवणारी ‘पीएस’ कमांड चालेना, कारण तिला माहिती देणारं प्रॉकएफएस नव्हतं. उपकरणांची माहिती आणि फाइल्स पुरवणारे सिसएफएस आणि डेव्हटीएमपीएफएसही त्याच वेळी घालून टाकले.

मग होस्ट आणि गेस्ट यांच्यात शेअर्ड फोल्डर. ‘केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग’ ही तयार सेटिंग्जची फाइल जोडली की त्यासाठीचं ९पी आपोआप येतं. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टीममधून आलेला हा प्रोटोकॉल मला मनापासून आवडतो. सोपा आहे आणि होस्टवर वेगळा डेमन (मागे चालणारा प्रोग्राम) लागत नाही. फक्त ५.१५ च्या आधीचा कर्नल असेल तर एमसाइझ (एका संदेशाचा कमाल आकार) स्वतः वाढवा, तिथे डीफॉल्ट जेमतेम ८ केबी आहे. पण रोजच्या कामाला माझी पसंती व्हर्टिओएफएसला, जे ५.४ पासून कर्नलमध्ये आहे. मेन्यूत आधी ते ज्यावर उभं आहे ते फ्यूज घ्या, मगच ते दिसतं. होस्टवर व्हर्टिओएफएसडी हा डेमन चालवावा लागतो आणि गेस्टची मेमरी ‘शेअर=ऑन’ करून द्यावी लागते. हे दुसरं विसरलं तर कर्नल कॉन्फिगमध्ये कितीही शोधा, चूक तिथे सापडणार नाही.

काल रात्री शेवटचा प्रयोग केला. ईएक्सटी४ आणि व्हर्टिओ ब्लॉक दोन्ही काढले आणि कर्नलच्या कमांड लाइनवर ‘रूटएफएसटाइप=व्हर्टिओएफएस’ लिहून ‘रूट=’ पुढे फक्त टॅग, म्हणजे शेअर केलेल्या फोल्डरला दिलेलं नाव, लिहिलं. होस्टवरच्या एका साध्या फोल्डरमधून गेस्ट बूट झाला, डिस्क इमेज मुळीच नाही. त्या फोल्डरमध्ये होस्टवरून एक फाइल ठेवली आणि गेस्टमध्ये ‘एलएस’ केलं. फाइल तिथे होती.