आमची वाटचाल: केबल, कृष्णा आणि एक आरसा

ऑफिसात नवीन माणूस आला की रॅकमधल्या सगळ्यात वरच्या मशीनकडं बोट करून विचारतो, हे कशाचं? 'मिररचं' म्हटलं की बहुतेक जण हसतात. आमचा मेव्हणा तर २०१७ पासून चारचौघांत सांगत फिरतोय, "दाजींनी इंटरनेटबरोबर आरशांचंही दुकान टाकलंय." त्याचं हसणं मी मनावर घेत नाही. ज्यांचं घेतलं त्यांच्याबद्दल पुढं येईलच.

२००४ ला सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात केबल टीव्हीनं सुरुवात केली. डिश, ॲम्प्लिफायर, आरजी-६ ची भेंडोळी आणि एक सायकल. सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले तशी ऑपरेटरच्या हातात वसुलीशिवाय काही उरलं नाही, म्हणून ब्रॉडबँडकडं वळलो. मधली वर्षं बरी गेली. गिऱ्हाईक वाढलं, हप्ते फिटले.

पहिलं स्प्लायसिंग मशीन, म्हणजे फायबरची दोन टोकं जोडायचं यंत्र, सेकंडहँड घेतलं होतं. मशीन जुनाट, पण त्याच्यासोबत आलेला क्लीव्हर, म्हणजे फायबर कापायचं हत्यार, असा की फायबरचं टोक चिमटीत धरून बघत बसावं. सगळे मशीनच्या किमतीवर बोलतात, लॉस, म्हणजे जोडात किती प्रकाश वाया जातो ते, ठरतो क्लीव्हरवर. या धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरांना सांगतो, ब्लेड फिरवायची वेळ झाली की फिरवा, 'अजून चालतंय की' म्हणू नका. जॉइंटला ०.०५ डीबीच्या वर लॉस दिसला की आमच्याकडं तोडून पुन्हा करायचा, हा नियम आहे. भर उन्हात शिडीवर बसलेला पोरगा कुरकुरतो. कुरकुरू दे.

मिररचा विषय काढला तो मिरजेच्या आमच्या एका गिऱ्हाइकानं. आम्ही त्यांना सरच म्हणतो. त्यांचा कॉम्प्युटर क्लास, ३० मशीन, सगळ्यांवर डेबियन, म्हणजे फुकट मिळणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम. १७ जून २०१७ ला डेबियन ९, म्हणजे स्ट्रेच, बाहेर आलं आणि सरांनी सगळी मशीन एकदम अपग्रेडला लावली. तेच पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरची तीच फाईल, तीस वेळा आमच्या अपस्ट्रीमवरून, म्हणजे आम्ही बाहेरून इंटरनेट घेतो त्या लाईनवरून, ओढलं गेलं. त्या गल्लीतल्या बाकी गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. मी सरांवर थोडा चिडलोच. ते शांतपणे म्हणाले, "अहो, एकच भाजी तीस वेळा बाजारातून कशाला आणता? एकदा आणून फडताळात ठेवा की."

फडताळ म्हणजे मिरर. डेबियनच्या मूळ संग्रहाची तंतोतंत नक्कल आपल्या नेटवर्कमध्ये ठेवायची, दर सहा तासांनी म्हणजे दिवसातून चारदा ताजी करायची आणि ज्याला हवी त्याला उतरवू द्यायची. आपल्या गिऱ्हाइकाचा ट्रॅफिक आपल्याच स्विचवर फिरतो, अपस्ट्रीमला हात लागत नाही. बाहेरच्यालाही फुकट. मी असेंबल केलेलं एक मशीन घेतलं, ४ टीबीच्या दोन डिस्क रेड-१ मध्ये टाकल्या, म्हणजे दोन्हींवर तेच. सगळी आर्किटेक्चर, म्हणजे प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठीची वेगळी पॅकेजं, घेतली नाहीत. एस३९०एक्स हे आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी असतं; सांगलीत हळदीच्या अडत्याकडं मेनफ्रेम नसतो.

पहिली चूक माझीच. आरसिंक हे ट्रिजेल आणि मॅकेरास या दोघांनी १९९६ साली लिहिलेलं फाईलींची नक्कल ताजी ठेवायचं हत्यार, आमच्या क्लीव्हरइतकंच सरळ. मी त्याची एक ओळ लिहून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, टाकली, जुनं पुसायच्या डिलीटसकट, आणि झोपलो. खानावळीत बाहेरच्या फळ्यावर आधी 'भरली वांगी' लिहावं आणि वांगी अजून मंडईत असावीत, तसं झालं. याद्या आधी उतरल्या, त्या यादीतली पॅकेजं यायची होती, जुनी मात्र पुसली गेली होती. नेमकी त्या दिवशी सरांकडं प्रॅक्टिकल परीक्षा. तीसही पडद्यांवर कुठं 'हॅश सम मिसमॅच', म्हणजे फाईल यादीशी जुळत नाही, कुठं ४०४, म्हणजे फाईलच नाही. सरांचा फोन आला, "तुमचं फडताळ रिकामं दिसतंय." एवढंच बोलले. शिवी परवडली असती.

म्हणून सांगतो, मिरर लावायचा तर हातानं आरसिंक लिहू नका. डेबियनवाल्यांचंच एफटीपीसिंक आहे, ते घ्या. ते दोन टप्प्यांत काम करतं: आधी पूलमधली, म्हणजे पॅकेजांच्या कोठारातली, पॅकेजं आणतं, मग याद्या, आणि जुनं पुसायचं ते सगळ्यात शेवटी. एक सिंक चालू असताना दुसरा सुरू होऊ नये म्हणून कुलूपही लावतं. सिक्युरिटीच्या अपडेट मात्र मिररवर ठेवू नका, त्या थेट त्यांच्याकडूनच येऊ द्या. तिथं सहा तासांचा उशीरही महाग पडतो. सरांनी त्या परीक्षेनंतर आमच्या मिररची एक नक्कल २ टीबीच्या डिस्कवर स्वतःच्या क्लासात ठेवली आणि दर रविवारी ती आमच्याकडून ताजी करू लागले. भरवसा उडाला म्हणूनच ठेवली असणार. मी विचारलं नाही.

आता दुसऱ्या पार्टीबद्दल. नाव घेत नाही, सांगलीत केबलचा धंदा करणाऱ्याला नाव लागणारही नाही. २०१८ ला ते आमच्या भागात उतरले. इन्स्टॉलेशन फुकट, राउटर फुकट, पहिले तीन महिने निम्मं बिल. तिथपर्यंत ठीक, धंदा आहे. आमच्याच खांबांवरून त्यांची ड्रॉप केबल गेली, तेही सोडलं. पण त्यांची पोरं घरोघर सांगायला लागली की यांच्या मिररवरून व्हायरस येतो, मधल्या मध्ये फाईल बदलतात. हे अजून घशाखाली उतरत नाही. डेबियनच्या रिलीज फाईलवर त्यांची जीपीजी सही, म्हणजे खोटी करता न येणारी डिजिटल सही, असते. त्या फाईलमध्ये पॅकेजांच्या यादीचा हॅश, म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसाच म्हणा, यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश. मी एक बाईट जरी इकडची तिकडं केली तरी गिऱ्हाइकाचं ॲप्ट, म्हणजे डेबियनमधला पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम, तिथंच नकार देतं. म्हणजे मिरर चालवणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही, अशीच ती रचना आहे. हे मी गणपती पेठेतल्या एका व्यापाऱ्याला पाऊण तास समजावलं. शेवटी तो म्हणाला, "ते सगळं खरं ओ, पण त्यांचा राउटर फुकट आहे."

६ जुलै २०१९ ला डेबियन १०, बस्टर, आलं. सरांचे तीस पीसी आमच्याच मिररवरून अपग्रेड झाले आणि अपस्ट्रीमचा ग्राफ जागचा हलला नाही. तो ग्राफ मी प्रिंट काढून भिंतीवर लावला होता. महिन्याभरात तो पाण्याखाली गेला.

आमच्या ऑफिसात २००५ च्या पाण्याची रेघ जागेच्या मालकांनी भिंतीवर ऑइलपेंटनं मारून ठेवली होती. सगळ्या सांगलीसारखा आमचाही हिशोब त्या रेघेवर. ओएलटी (सगळ्या गिऱ्हाइकांच्या फायबर जिथं येऊन मिळतात ते यंत्र), सर्व्हर, स्प्लायसिंग मशीन रेघेच्या हातभर वर फळीवर चढवलं, शटर ओढलं आणि विश्रामबागला बहिणीकडं गेलो. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांला धोक्याची पातळी धरतात. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. शटर उघडलं तेव्हा फळी होती, फळीवर गाळ होता. बॅटऱ्या जमिनीवर कलंडलेल्या. स्प्लायसिंग मशीनची पेटी उघडली तर आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. क्लीव्हर मी तिथंच बसून पंचानं पुसत होतो. बायको म्हणाली, "अहो, ते राहू दे, आधी बूट घाला."

साडेअकराशे कनेक्शन होती. त्यातली चारशेच्या आसपास त्या दोन महिन्यांत गेली. आम्ही गाळ काढत होतो आणि समोरच्यांची पोरं त्याच बोळात फॉर्म भरून घेत होती. दुकान विकायचं ठरत आलं होतं. घेणारे तेच होते, आणि त्यांनी सांगितलेला आकडा इथं लिहायचीही मला लाज वाटते.

उसनं मशीन आणून आधी गिऱ्हाइकांच्या लाईन जोडल्या. मिरर यादीत शेवटचा होता, त्यातून पैसा येत नाही. सप्टेंबरात सर स्कूटरवरून आले, पायाशी पिशवी, पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेली ती २ टीबीची डिस्क. "तुमचं फडताळ माझ्याकडं आहे," म्हणाले. नवीन मशीनला डिस्क लावली, आरसिंकनं जे होतं ते पडताळून ठेवलं आणि महिन्याभराचा फरक तेवढा ओढला. सगळं पहिल्यापासून उतरवायचं तर तेव्हाच्या आमच्या लाईनवर किती दिवस गेले असते देव जाणे.

त्याच दिवशी बऱ्याच आठवड्यांनी मेल बघितली. प्रत्येक सिंकनंतर मिरर एक ट्रेस फाईल लिहितो, तिच्यावरच्या वेळेवरून मिरर किती मागं पडलाय ते डेबियनवाल्यांना कळतं. आमचा शिक्का ऑगस्टवरच थांबला होता. तिकडच्या एका स्वयंसेवकानं दोन ओळी लिहिल्या होत्या: मिरर बराच मागं आहे, तुमच्याकडं सगळं ठीक आहे ना? बँकेची, वीजबिलाची, समोरच्यांची अशी पंचवीस पत्रं त्या महिन्यात आली. ठीक आहे ना, असं त्यातल्या कुणीही विचारलं नव्हतं. मी उत्तरात पुराचा फोटो पाठवला आणि ट्रेस फाईलची नवी वेळ.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. तोवर रॅक दुसऱ्या मजल्यावर गेला होता. भाडं जास्त आहे, जिन्यातून बॅटऱ्या नेताना पोरांचे हाल होतात, पण मिरर त्या वेळी विजेमुळं काही तास बंद राहिला तेवढाच.

गेल्या महिन्यात समोरच्यांच्या इंजिनिअरचा फोन आला. त्यांनाही मिरर लावायचाय, गिऱ्हाइकांना 'हॅश सम मिसमॅच' येतंय, काय करावं? मी एफटीपीसिंकचं सांगितलं, दोन टप्पे समजावले, कॉन्फिगची ओळन्‌ओळ फोनवर वाचून दाखवली. पोरगा चांगला आहे, "थँक्यू काका" म्हणाला. रॅक कुठं ठेवलाय, ते मी विचारलं नाही. तळमजल्यावर आहे, येताजाता दिसतो.