स्लॅब गळला, आणि पैसे कार्डानं दिले होते

देव्हाऱ्याच्या वरच्या कोपऱ्यातून पहिला थेंब पडला तो २१ जूनला, रात्री साडेअकराला. वेळेसकट आठवतंय, कारण मी लगेच मोबाईलवर व्हिडिओ काढला. सकाळपर्यंत खाली ठेवलेलं पातेलं निम्मं भरलं होतं. आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून जेमतेम महिना झाला होता!

आमचं कोल्हापुरात राजारामपुरीतलं घर सासऱ्यांनी बांधलेलं, स्लॅब चाळीस वर्षांचा. ठरलं होतं ते असं: जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, फोडायचा, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घालायचा, वर केमिकलचे दोन हात, आणि शेवटी गच्चीत तीन दिवस पाणी कोंडून बघायचं. सत्याऐंशी हजारांचा सौदा. पंचवीस हजार ठेकेदारानं मजुरांना द्यायला म्हणून रोख घेतले. उरलेल्या बासष्ट हजारांना ठेकेदार म्हणाला, "कार्ड नको वहिनी, दोन टक्के जादा पडतंय." मीही रोख द्यायला निघाले होते. ह्यांनीच हट्ट धरला आणि दुकानात जाऊन क्रेडिट कार्ड स्वाइप केलं, ६३,२४० रुपये. वरचे बाराशे चाळीस तेव्हा मला फार लागले होते.

गळती दाखवल्यावर उत्तर आलं, "पैल्या पावसात जरा झिरपतंयच की. स्लॅब पाणी पिऊन घेतोय, मग बंद हुतंय." दहा दिवस वाट बघितली. मग फोन उचलणं बंद झालं.

भाची लंडनला असते. तिच्याकडं १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातलं कलम ७५ आहे. शंभर पौंडांपेक्षा महाग वस्तू किंवा काम क्रेडिट कार्डावर घेतलं आणि ते फसलं, तर दुकानदाराइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार. आपल्याकडं असं कलम नाही. आपल्याकडं आहे तो चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या जाळ्याच्या (व्हिसा, मास्टरकार्ड) नियमांप्रमाणे आपल्या बँकेनं दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत मागणं. तो मिळेलच अशी खात्री नसते. दुकानदाराला बाजू मांडायची संधी असते.

कस्टमर केअरला पहिला फोन केला तेव्हा मुलगी म्हणाली, "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय, मग तक्रार कशी होणार?" इथं बरेच लोक फोन ठेवून देत असतील. मीही ठेवला. रात्रभर तळमळले, दुसऱ्या दिवशी परत केला आणि स्पष्ट सांगितलं की हा फ्रॉड नाही, व्यवहार आम्हीच केलाय, पण पैसे दिले ते काम ठरल्याप्रमाणे झालेलं नाही. त्या एका वाक्यानं तक्रार दुसऱ्या खात्यात गेली आणि फॉर्म आला. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत असते. पावसाळा संपू दे, मग बघू, असं म्हटलं असतं तर दिवस संपले असते.

शेजारच्या काकांनी सांगितलं, बिलच भरू नका. ते मात्र करू नये. आम्ही त्या महिन्याचं बिल पूर्ण भरलं. भांडण एकीकडं, व्याज आणि सिबिल दुसरीकडं.

बँकेला रडगाणं लागत नाही, कागद लागतात. सुदैवानं कोटेशन दुकानाच्या छापील कागदावर होतं आणि त्यात "जुना कोबा काढून" हे शब्द होते. व्हॉट्सॲपवरचे माझे सात निरोप होते, तारखांसकट. आमचे चुलत दीर बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, ते लिहून द्यायला तयार होते, पण नातेवाइकाच्या कागदाला काय किंमत? अडीच हजार फी देऊन बाहेरच्या इंजिनिअरला वर नेलं. त्यांनी एका कोपऱ्यात छिन्नीनं उकरलं आणि मला वाकून बघायला लावलं. वर नवा थर, खाली जुना कोबा जसाच्या तसा. गच्चीच्या कट्ट्याच्या मुळाशी सिमेंटची गोलाई असते, गवंडी तिला वाटा म्हणतात, ती मारलेलीच नव्हती. पाणी भिंतीच्या सांध्यातून सरळ आत. लेटरहेडवर फोटोंसकट अहवाल दिला त्यांनी.

ऑगस्टमध्ये पैसे खात्यात दिसले आणि सप्टेंबरात परत गेले. ठेकेदारानं बँकेला दिलेल्या उत्तरात "काम पूर्ण, तक्रार नाही" अशी चिठ्ठी जोडली होती, खाली ह्यांची सही! शेवटच्या दिवशी मजुरांनी "हजेरीला पायजे" म्हणून घेतलेली. दोन दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. सहीवरून मी त्यांना जे बोलले ते बोलायला नको होतं. हट्ट करून कार्ड वापरलं होतं तेही त्यांनीच.

मी बँकेला परत लिहिलं. सही मे महिन्यातली आहे, दोष पावसात दिसला. आणि जुना कोबा आत आहे हे सहीनं बदलत नाही. सोबत उकरलेल्या कोपऱ्याचा फोटो. शिवाय तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाईन, असंही लिहिलं. ती तक्रार ऑनलाइन, फुकट होते. जायची वेळ आली नाही. ऑक्टोबरात ६३,२४० रुपये जमा झाले, जादा दोन टक्क्यांसकट.

रोखीचे पंचवीस हजार चार्जबॅकमध्ये बसत नाहीत. त्यांची पावती नाही, फक्त "२५ मिळाले" असा एक निरोप आहे. तो घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाणार आहे. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

दिवाळीनंतर दुसऱ्या गवंड्याकडून सगळं फोडून घेतलं. कोबा, वाटा, उतार, सगळं समोर उभी राहून बघितलं. मग गच्चीची भोकं बुजवून पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी पहाटे स्टुलावर चढून देव्हाऱ्यावरच्या छताला हात लावला. कोरडं होतं.