एंड पीसचा ढीग आणि आमचा रॅक

आमचं वर्कशॉप नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग) आणि बार कापायचा बँडसॉ. बुश, पिना, शाफ्ट, फिक्स्चरचे भाग अशी कामं चालतात. मशीनकडं नवरा आणि मामा बघतात. मामा म्हणजे आमचे जुने टर्नर. गल्लीतले सगळेच त्यांना मामा म्हणतात. खरेदी, चलनं, बिलं, जीएसटी माझ्याकडं. मला लेथ चालवता येत नाही. तरी बँडसॉमागचा एंड पीसचा, म्हणजे बार कापून उरलेल्या तुकड्यांचा, ढीग माझ्याच गळ्यात पडला, कारण त्याचा खर्च बिलांतून दिसत होता.

मार्चअखेरीला सीए क्लोजिंग स्टॉक मागतात. बारचा आकडा देता येतो, तुकड्यांचा काय देणार? नवरा म्हणायचा, "अंदाजे टाक." अंदाजे टाकण्यासाठी बिलं चाळायला घेतली, तर दिसलं की ईएन ८ चा (हे मध्यम कार्बनचं पोलाद) ४० मिलीमीटरचा राउंड बार आपण सारखा तुकड्या-तुकड्यानं आणतोय, आणि प्रत्येक वेळी कटिंगचे पैसे वेगळे देतोय. ढिगात ४० चे तुकडे तर डोळ्यांना दिसत होते. मामांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, तुकडा आहे हो. पण कशाचा आहे, ते कोण सांगणार? माल रिजेक्ट झाला तर पार्टी मलाच धरणार."

सगळा तिढा इथंच होता. ढीग नीट रचून ठेवला असता तरी काही फरक पडला नसता. ज्या तुकड्याची जात ठाऊक नाही, तो कितीही चकचकीत असो, ऑपरेटर त्याला हात लावत नाही. सरळ नवा बार कापतो. त्याचं चुकतही नाही.

नवरात्रात वर्कशॉप धुवायचं असतंच. खंडेनवमीला मशीनला झेंडू वाहायचा म्हणजे आदल्या आठवड्यात कोपरे निघतात. ते निमित्त धरून ढीग बाहेर काढायला लावला. आयटीआय करून नुकताच लागलेला एक मुलगा मदतीला होता.

पहिली वाटणी धातूची नाही केली, मालकीची केली. हे मी हट्टानं करायला लावलं. जॉबवर्कला पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, स्वतःचं मटेरियल पाठवते, त्यातून उरलेला तुकडा आपला नसतो. तो चलनावर आलेला असतो आणि जीएसटीच्या नियमानुसार माल एका वर्षाच्या आत परत जायला हवा, एक तर जॉब होऊन किंवा उरलेला तसाच. भंगार आपण परस्पर विकायचं की परत करायचं, हे आधी पार्टीशी बोलून ठरवायचं आणि चलनावर लिहायचं. आमच्याकडं पार्टीचे तुकडे आणि आमचे तुकडे एकाच ढिगात लोळत होते. एका पार्टीचे गनमेटलचे तुकडे तर फ्लॅट बारच्या खाली दबलेले निघाले. आता पार्टीच्या मालाला वेगळी लोखंडी पेटी आहे, कुलपाची. जॉबबरोबरच तुकडेही परतीच्या चलनावर जातात. वजनाचा हिशेब जुळला की पार्टीचा खरेदी विभागही खूश असतो.

मग ओळख परेड. सोपं आधी उरकलं. ॲल्युमिनियम हातात घेतलं की कळतं. पितळ, तांबं, गनमेटल रंगावरून निघतं. काळवंडलेलं असेल तर फाईलचा, म्हणजे कानशीचा, एक हात मारला की आतला रंग दिसतो. नायलॉन, डेलरीनचे तुकडेही त्यात होते, ते प्लास्टिकच्या क्रेटमध्ये गेले. राहिलं लोखंड आणि स्टेनलेस, आणि खरी करमणूक तिथंच होती.

मामांनी शटर अर्धं ओढलं, उजेड कमी केला आणि बेंच ग्राइंडर चालू केला. आधी ओळखीचे तीन तुकडे दाखवले, नुकत्याच बिलाने आलेल्या बारमधून कापलेले. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) ठिणग्या लांब जातात, सरळ, पिवळट, फाटे थोडेच. ईएन ८ लावलं तर रेषेच्या टोकाशी फाटे फुटायला लागतात. ईएन ३१ मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो, तिथं चाकापासून जवळच फुलबाजी पेटल्यासारखा दाट फुलोरा होतो. कास्ट आयर्न लावलं तर ठिणगी लालसर आणि आखूड. ओळखीचा तुकडा एका हातात, अनोळखी दुसऱ्या हातात, आळीपाळीनं चाकाला टेकवायचे आणि बघायचं. मुलानं उत्साहानं ॲल्युमिनियमचा तुकडा पुढं केला, तर मामा खेकसले. ॲल्युमिनियम चाकाला लावलं की चाकाचे दाणे भरून जातात, मग ते कापत नाही, तापतं, आणि तापलेलं चाक फुटू शकतं. ग्राइंडरवर चष्मा नसलेल्याला उभंच राहू दिलं नाही, मलासुद्धा.

एमएस की ईएन ८ असा संशय राहिला तिथं दुसरी युक्ती. तुकड्याची पातळ चकती कापायची, गॅसवर लाल करायची, पाण्यात टाकायची आणि फाईल लावायची. एमएसला फाईल लागते. ईएन ८ कडक झालेलं असतं, फाईल त्याच्यावरून घसरते. घसरतानाचा आवाजही वेगळा येतो, काचेवर नख ओढल्यासारखा नाही, पण कोरडा. मी दोन-तीन चकत्या स्वतः घासून बघितल्या. कॉमर्सच्या बाईला एवढं कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

पण ईएन ८ आणि ईएन २४? दोन्हींत कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास. २४ मध्ये निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असतं, भावही बराच जास्त. ठिणगीवरून मामांनाही छातीठोक सांगता येईना, आणि फाईलच्या परीक्षेत दोन्ही पास. त्यातले मोठे तुकडे होते ते लॅबला दिले. इथं एक गोष्ट कळली ती लिहून ठेवते: हातात धरायची जी एक्सआरएफ गन असते, ती क्रोमियम-निकेल पटकन सांगते, पण कार्बन सांगू शकत नाही. म्हणजे ८ की २४ याला ती चालते, एमएस की ईएन ८ याला नाही. त्याला लॅबमधलं स्पेक्ट्रोमीटर लागतं. प्रत्येक तुकड्याची टेस्ट करायची म्हटलं तर टेस्टच तुकड्याहून महाग पडते. म्हणून एका हातानं उचलले जाणार नाहीत असेच तुकडे आम्ही दिले. बाकीच्यांवर पिवळा पट्टा मारून ते 'घरकाम' कप्प्यात टाकले. त्यातून आपले फिक्स्चर, जॉज (चकचे जबडे), पॅकिंगचे ठोकळे होतात. पार्टीच्या जॉबला पिवळा पट्टा चालत नाही.

स्टेनलेसला चुंबकाचा फार भरवसा धरू नये. ३०४ या ग्रेडला चुंबक लागत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या २०२ लाही लागत नाही. आणि ३०४ कोल्ड ड्रॉन असेल तर थोडं ओढतंही. बाजारात टेस्टिंगची बाटली मिळते. घासलेल्या जागेवर थेंब टाकून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली की २०० सिरीज लाल रंग दाखवते. ३१६ ग्रेडसाठी मॉलीची (मॉलिब्डेनमची) बाटली वेगळी. आमच्या '३०४' पैकी काही तुकडे लाल झाले. त्यातले बरेच अंबड लिंक रोडच्या जुन्या भंगार बाजारातून आणलेले असावेत. महापालिकेनं २०१७ च्या जानेवारीत तो बाजार हटवला, त्याआधी अडीअडचणीला तिथून तुकडा उचलून आणणं ही इथल्या बहुतेक वर्कशॉपची रीत होती. स्वस्तात काम व्हायचं. कागद मात्र काहीच नसायचा.

ओळखून झाल्यावर ठेवायचं काय, यावरून घरात दोन दिवस जेवताना वाद. नवऱ्याचा जीव प्रत्येक तुकड्यात. मी वजनाचा हिशेब मांडला. लोखंडाच्या राउंड बारचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: व्यास मिलीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो. ५० चा बार मीटरला १५.४ किलो. त्याचा दीडशे मिलीमीटरचा तुकडा २.३ किलो. त्याच मापाचं ॲल्युमिनियम एक किलोच्याही आत. पण २० चा, दोन इंची तुकडा? शंभर-सव्वाशे ग्रॅम. तो शोधण्यात ऑपरेटरची पाच मिनिटं गेली तर लेथचा तासाचा दर बघता तुकडा फुकट मिळूनही महाग पडला. शिवाय लेथच्या चकमध्ये धरायला वीस-पंचवीस मिलीमीटर हवेत, फेसिंग (तोंड सपाट करणं) आणि पार्टिंगचं (कापून वेगळं करणं) जातं ते वेगळं. शेवटी तोडगा निघाला तो असा: लोखंडाचा तुकडा व्यासाच्या दुप्पट लांब असेल तरच ठेवायचा, आणि ६० मिलीमीटरच्या खाली नाही. पितळ, ब्राँझ, ईएन २४ याला सूट, ते ४० पर्यंत चालतं. मोठ्या व्यासाला, म्हणजे ८० च्या वर, दुपटीचा नियम सोडून दिला. त्याच्या चकत्याही फ्लॅंजला लागतात.

रॅक विकत आणला नाही. ढिगातल्याच अँगलचा केला, ढीग तेवढाच हलका. खालच्या कप्प्यात जड ठोकळे, जमिनीपासून वीतभर वर, कारण पावसाळ्यात शटरखालून पाणी आत येतं. मधे राउंड, व्यासाप्रमाणे. त्यासाठी चार आणि सहा इंची पीव्हीसी पाइप फूटभर कापून आडवे रचले. तुकडा आत ढकलायचा, रंगवलेलं तोंड बाहेर. उभे ठेवून बघितले होते, पण लहान तुकडे लांबड्यांच्या मागं लपतात आणि एक काढायला गेलं की चार पायावर येतात. वरच्या कप्प्यात पितळ-ॲल्युमिनियम. स्टेनलेसच्या कप्प्याला लाकडी फळी आणि रबर शीट. एमएसच्या कडेला ते घासलं की लोखंडाचे कण चिकटतात, आणि जूनमध्ये त्या जागी तांबडे डाग येतात. मग पार्टी म्हणते तुमचं स्टेनलेस गंजलं.

नाशिकचा पाऊस मुंबईसारखा नसला तरी जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याखाली ओल धरतेच. मशीन केलेल्या तोंडांना रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइलचा हात मारतो. काळ्या हॉट रोल्ड बारला तेवढी गरज नसते. जुनं कूलंट पुसून तेल लावायचं, नाही तर तेलाखाली गंज चालूच राहतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मात्र रॅकचा नव्हे, एका कटिंगच्या सवयीचा. बारच्या ज्या टोकाला रंग किंवा हीट नंबरचा (मिलमध्ये एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर) शिक्का असतो, ते टोक शेवटपर्यंत कापायचं नाही. कापायला सुरुवात दुसऱ्या बाजूनं. मग उरणारा एंड पीस आपली ओळख स्वतःच्या अंगावर घेऊनच उरतो. रंगाचे संकेत प्रत्येक विक्रेत्याचे वेगळे असतात, म्हणून माल उतरला की आमचा रंग मारतो: ईएन ८ निळा, ईएन २४ लाल, ईएन ३१ हिरवा, एमएसला काही नाही. मधूनच तुकडा कापला गेला तर बँडसॉवरून उतरायच्या आत पेंट मार्करनं ग्रेड आणि बिलाचा नंबर लिहायचा. मार्कर दोरीनं बँडसॉलाच बांधलाय. टेबलावर ठेवला की तो मुलाच्या खिशात जायचा. ज्या बारचं मिल टेस्ट सर्टिफिकेट असतं त्याच्या तुकड्यावर पंचनं हीट नंबर ठोकतो, कारण मार्कर थिनरच्या फडक्यानं जातो. सर्टिफिकेटवाला माल मागणाऱ्या पार्टीलाही मग तो तुकडा लावता येतो.

रजिस्टरचा मोह मी टाळला. प्रत्येक तुकडा वहीत चढवायचा आणि उतरवायचा, हे एकही ऑपरेटर करणार नाही. महिन्याच्या शेवटी मी प्रत्येक कप्प्याची अंदाजे एकूण लांबी लिहिते, १६२ चं सूत्र धातूप्रमाणे फिरवून लावते आणि वजन काढते. सीएंना तेवढं पुरतं. ऑर्डर देण्याआधी रॅकसमोर जाऊन बघायचं, हा नियम माझा मलाच.

उरलं ते भंगार. एकत्र विकलं तर सगळं लोखंडाच्या भावानं जातं, म्हणून पितळेची बर (मशीनवर निघणारा चुरा), ॲल्युमिनियमची बर, स्टेनलेस, लोखंड असे चार पिंप. पितळेच्या बरीत लोखंड मिसळलं की भाव पाडतात. चुंबक फिरवून काढता येतं, पण वेळ जातो. त्यापेक्षा पितळ लावण्याआधी लेथचा ट्रे झाडून घेतलेला परवडतो. पितळेचा भाव मी भांडी बाजारात मोडीचा दर विचारूनच ठरवते, मग भंगारवाल्याशी फार घासाघीस होत नाही. बिल १८ टक्के जीएसटी लावून करायचं. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावर नोंदणीकृत खरेदीदारानं जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापायचा नियम आलाय, पण तो अडीच लाखांच्या वरच्या व्यवहाराला. आमचा आकडा तिथवर जात नाही. वजनकाटा मात्र आपला वापरायचा.

४० चा ईएन ८ अजूनही आणावा लागतो, पण आता अखंड बार येतो आणि कटिंगचे पैसे वाचतात. पत्र्याचं अजून जमलेलं नाही. लेझर कटिंगहून उरलेला जाळीसारखा पत्रा परत आणून भिंतीला टेकवायचा आणि वर्षभर त्याला अडखळायचं, हे चालू आहे. पुढच्या ऑर्डरपासून तो पत्रा कटिंगवाल्याकडंच वजन करून सोडायचा आणि बिलातून वळता करून घ्यायचा, असं त्याच्याशी बोलणं चाललंय. नवऱ्याचं म्हणणं, त्यातले चौकोन गॅस्केटच्या पॅकिंगला उपयोगी पडतील.