लांबून कोण बघतंय

हाराचा विषय निघाला आणि वहिनी सहज बोलून गेल्या, "अगं, लांबून कोण बघतंय!" आणि त्यांच्यापुरता विषय संपला. माझ्या मनात ते वाक्य दुपारपासून सलतंय. स्वस्तातला घे म्हणाल्या असत्या तर काहीच वाटलं नसतं, 25,000 रुपयांचा आकडा मीच सांगितला होता. लांबून म्हणजे काय? जवळ येऊन बघणारं कोणी नाहीच, हे धरून चालायचं?

मला हवा आहे तो हार साधाच. एकपदरी, सारख्या मापाच्या खड्यांचा, मानेभोवती पुरा फिरणारा. पण हिशेब मांडला की छाती दडपते. 16 इंच म्हणजे 406 मिलिमीटर. 3 मिलिमीटरचा खडा, मधल्या धातूसकट साडेतीनच्या आत, म्हणजे सुमारे 120 खडे. त्या मापाचा गोल हिरा साधारण 11 सेंटचा, शंभर सेंटचा एक कॅरेट. झाले 13 कॅरेट! 2 मिलिमीटरवर उतरलं तर हिरा 3 सेंटचा, पण खडे पावणेदोनशे लागतात, तरी पाच कॅरेट होतातच. लॅबमधले हिरे इथे जवळ सुरतेत बनतात, खाणीतल्यापेक्षा खूपच स्वस्त, आणि हिरेच ते, तोच कार्बन. तरीही 14 कॅरेट शुद्धतेच्या सोन्यात अख्खा हार घडवायचा तर नुसत्या सोन्यातच पैसे संपतात.

आणि याच बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी 128 कॅरेटचा 'स्टार ऑफ द साउथ' घेतला होता, 1853 साली ब्राझीलमध्ये सापडलेला. गायकवाडांच्या हारात तो होता. आज नेमका तोच आठवायचा होता!

म्हणजे उरली 925 ची, हजारात 925 भाग शुद्ध असलेली चांदी आणि सीझेड, म्हणजे क्युबिक झिर्कोनिया हा कृत्रिम खडा, ज्याला बाजारात अमेरिकन डायमंड म्हणतात. यात मन खट्टू करण्यासारखं काय आहे? खडा म्हणून तो वाईट नाही. कठीणपणा आठच्या वर, हिऱ्याचा दहा. रंगांची फेक मात्र हिऱ्याहून जास्त, आणि मोइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्याची तर हिऱ्याच्या दुपटीहूनही जास्त. म्हणून सीझेडचा मोठा खडा घेतला की मांडवात दिव्यांखाली इंद्रधनुष्य उठतं आणि तिथेच कळून येतं. वहिनींचं म्हणणं इथे उलटं पडतं. उघडं पडतं ते लांबूनच. 5 मिलिमीटरचे खडे गळाभर असले तर खोलीच्या दुसऱ्या टोकालाही कोणी खरं मानत नाही. अडीच मिलिमीटरवर कोणाला शंका येत नाही. चढत्या मापाचा, समोर 3 आणि मागे 2 असा मिळाला तर उत्तमच, त्याने वजनही कमी होतं.

जवळून बघायचं ते पाठीकडून. उलटा करून धरला की खड्यामागे भोकं दिसली पाहिजेत. मागून बंद आणि आत चंदेरी पन्नी असेल तर घाम आणि अत्तर आत शिरून वर्षभरात खडे काळपट पडतात, ते धुऊनही निघत नाही. चार नख्यांची जडण हवी, गोंदाची नको. नख्यांवरून मऊ सुती फडकं फिरवायचं, धागा अडकला तर टोकं नीट बसवलेली नाहीत आणि पुढे रेशमी पदर ओढला जाणारच. मग हार बोटावर आडवा टाकायचा. डावी-उजवीकडे वळला पाहिजे, पण सहज पिळला जाऊन उलटा होता कामा नये. कड्या सैल असल्या की गळ्यात तो सारखा पालथा पडतो. फासा पेटीचा, वर आठाच्या आकाराची सेफ्टी. इतक्या वजनाला नुसता एस-हुक पुरत नाही. चांदीवरचा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा मानेमागे आधी उतरतो, तो पुन्हा चढवता येतो, म्हणून मला त्याची काळजी वाटत नाही.

आणि बिल. एकूण वजन वेगळं, निव्वळ चांदीचं वेगळं लिहून घ्यायचं. सीझेड हिऱ्याहून दीडपटीपेक्षा जास्त जड असतो. 3 मिलिमीटरचे 120 खडे चार ग्रॅमच्या वर जातात. चांदीत ते फारसं बोचत नाही, पण उद्या कोणी हाच हार सोन्यात घ्यायला निघालं तर चार ग्रॅम खडे सोन्याच्या भावाने जातील. सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, आणि शुद्धतेचा आकडा, 14 कॅरेटला 585. चांदीवर 925. घडणावळ टक्क्यात नाही, रुपयांत विचारायची.

एवढं सगळं लिहिल्यावर वाटतं, वहिनींना काही लागेलसं बोलायचं नव्हतं. त्यांच्या काळी सोन्याबाहेरचं म्हणजे गिलीटच, दोन समारंभांत उतरायचं, तेव्हा लांबून बघण्यापुरतंच घ्यायचं असं त्यांना वाटणं बरोबरच. शिवाय येणार त्याच आहेत घडियाळी पोळात, इथल्या सराफ बाजारात, माझ्याबरोबर, दुसरं कोण आहे?

मला मात्र जवळून बघण्यासारखाच हवा. अजूनही तसंच वाटतंय.

लांबीचं ठरायचंय. 16 इंच गळ्याच्या हाडावर बसतो, 18 त्याच्या खाली. ब्लाउजचा गळा चौकोनी शिवलाय, तेव्हा 16, आणि मागे दोन इंचांची वाढवायची साखळी मागायची. दुकानात जाताना तोच ब्लाउज पिशवीत टाकायचा.