केळीची साल आणि डोपामिन मोजणारा इलेक्ट्रोड

डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा सेन्सर तपासायला नाशिकच्या कुठल्याही भाजीबाजारात मिळणारं केळं पुरतं. त्याच्या सालीत डोपामिन भरपूर असतं. साल काळी पडते त्यात त्याचाच मोठा वाटा: ऑक्सिडेशन होऊन डोपामिनचं क्विनोन हे संयुग होतं आणि क्विनोनं एकमेकांना चिकटत काळपट थर बनतो. इलेक्ट्रोडवरही हेच घडतं, फक्त तिथे तो थर डोळ्यांना दिसत नाही.

३ मिमीचा ग्लासी (काचेसारखा गुळगुळीत) कार्बन इलेक्ट्रोड आधी ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉनच्या अल्युमिनावर इंग्रजी आठच्या आकड्यात घासा, इथेनॉलमध्ये आणि मग डिस्टिल्ड पाण्यात एकेक मिनिट सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी हलवून धुवा). ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमधल्या ५ मिलिमोलर फेरिसायनाइडमध्ये व्होल्टेज वर-खाली फिरवून करंट मोजा; त्याच्या दोन पीकमधलं (शिखरांमधलं) अंतर ७०-८० मिलिव्होल्ट आलं तर ठीक. १२० आलं तर पुन्हा घासा. खाली राहिलेली घाण वर लावायच्या कार्बन नॅनोट्यूबने (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांनी) झाकली जात नाही.

इलेक्ट्रोडवर लावायच्या शाईसाठी कार्बॉक्सिल केलेल्या (आम्लगट जोडलेल्या) मल्टिवॉल (अनेक थरांच्या) नॅनोट्यूब १ मिग्रॅ, इथेनॉलमध्ये ०.५ टक्का केलेलं नॅफिऑन हे पॉलिमर १ मिली. सोनिकेटरच्या पाण्यात बर्फ टाकून अर्धा तास. कोरडी पूड तोलताना मास्क हवाच आणि पंखा बंद. या शाईचा ५ मायक्रोलिटरचा थेंब इलेक्ट्रोडवर सोडून वर बीकर उपडा ठेवा. थेंब वाऱ्यावर वाळला तर ट्यूब कडेला गोळा होतात, मधला भाग उघडाच राहतो. जाड थराचाही मोह नको: बॅकग्राउंड करंट वाढतो, पीक पसरतं.

नॅफिऑनचं काम राखणदाराचं. ७.४ पीएचला डोपामिनवर धन भार असतो, व्हिटॅमिन सी आणि युरिक आम्लावर ऋण. नॅफिऑनही ऋण, म्हणून ते डोपामिनला ओढतं आणि बाकी दोघांना लांब ठेवतं. मेंदूतल्या द्रवात व्हिटॅमिन सी शेकडो मायक्रोमोलर आणि डोपामिन नॅनोमोलरमध्ये, त्यामुळे या निवडीशिवाय मोजणीला अर्थ नाही. नॅनोट्यूबवर डोपामिनचं ऑक्सिडेशन ब्रिटो, संथानम आणि अजयन यांनी १९९६ साली दाखवलं. ग्लुटामेटला मात्र हा मार्ग नाही. ते स्वतः ऑक्सिडाइझ होत नाही, त्याला ग्लुटामेट ऑक्सिडेझ हे एन्झाइम लागतं.

सालीचा आतला पांढरा भाग १ ग्रॅम, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली, थंडच वाटा. आम्लामुळे साल काळी करणारं एन्झाइम थांबतं आणि रस तपकिरी होत नाही. सेंट्रिफ्यूज करून वरचा रस १०० मायक्रोलिटर, १० मिली फॉस्फेट बफरमध्ये. डिफरन्शियल पल्सवर (व्होल्टेज छोट्या ठोक्यांनी वाढवत करंट मोजण्याच्या पद्धतीत) पीक सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.२ व्होल्टच्या आसपास दिसेल. पण त्यात नॉरएपिनेफ्रिनसारखे भाऊबंदही मिसळतात. म्हणून एकाच पीकवर भरवसा ठेवून सगळं डोपामिन म्हणू नका. स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेलं) डोपामिन त्याच नमुन्यात तीन वेळा थोडंथोडं घालून मोजा.

त्या स्टँडर्डसाठी डोपामिन हायड्रोक्लोराइडचं १० मिलिमोलर द्रावण म्हणजे १० मिलीत १८.९६ मिग्रॅ. ते रोज ताजं करा, फॉइलमध्ये ठेवा. गुलाबी झालं की ओतून द्या.

नाशिकच्या डिसेंबरात सकाळ आणि दुपार यांत तापमानाचा फरक पंधरा-वीस अंशांचाही असतो. अंशामागे करंट टक्का-दोन टक्के हलतो. सकाळच्या कॅलिब्रेशनवर (स्टँडर्डवरून ठरवलेल्या मापावर) दुपारचा नमुना वाचला तर आकडा फुगलेला येतो, म्हणून सेल (मोजणीचं भांडं) २५ अंशांच्या पाण्यात ठेवा.

दर पाचव्या मोजणीनंतर तेच स्टँडर्ड पुन्हा घ्या. पीक १० टक्क्यांनी खाली आलं असेल तर थर जमला आहे. नुसत्या बफरमध्ये व्होल्टेजच्या दहा-बारा फेऱ्या मारून पाहा. तरीही पीक चढलं नाही तर नॅनोट्यूबचा थर पुसा, पुन्हा अल्युमिना, पुन्हा नवा थेंब.